हलगी-पॅड लॅपटॉपला जोडताना बॉड रेट किती ठेवावा?

गणपतीत लेझीम खेळणाऱ्या सोलापूरकरांच्या कानात हलगीचा ठेका मुरलेला असतो. दहा-बारा मिलिसेकंदांचा उशीरसुद्धा त्यांना खटकतो. म्हणून हलगी-पॅड (ठोका मारला की लॅपटॉपमधून हलगीचा आवाज काढणारा पॅड) बांधताना आवाजाच्या आधी सिरियलचा वेग, म्हणजे बॉड रेट (वायरीवरून सेकंदाला किती बिट जातात), बघा.

साहित्य: आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), चार पिएझो चकत्या (ठोक्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या), १ मेगाओमचे चार रेझिस्टर, ५.१ व्होल्टचे चार झेनर (जादा व्होल्टेज अडवणारे डायोड). चकतीची लाल वायर अ‍ॅनालॉग पिनला, काळी ग्राउंडला. रेझिस्टर आणि झेनर दोन्ही चकतीला समांतर. झेनरचा पट्ट्याचा पाय पिनकडेच हवा.

आता हिशेब. वायरीवर एका बाइटला १० बिट लागतात, एका ठोक्याला तीन बाइट, म्हणजे ३० बिट. ९६०० वर एक ठोका ३.१ मिलिसेकंद घेतो. चारही पॅड एकदम वाजले तर शेवटचा १२.५ मिलिसेकंदांनी पोचतो. ठोका फाटतो तो इथे. ३१२५० वर एका ठोक्याला ०.९६, तर ११५२०० वर ०.२६ मिलिसेकंद. ३१२५० हा पाच पिनांच्या मिडी (वाद्यांचे संदेश पाठवायची पद्धत) केबलचा ठरलेला वेग, तिथे दुसरा चालत नाही. यूएसबीवरून हेअरलेससारखा ब्रिज (सिरियलचे बाइट लॅपटॉपमधल्या संगीताच्या सॉफ्टवेअरला मिडी म्हणून देणारा प्रोग्राम) वापरत असाल तर दोन्हीकडे ११५२०० ठेवा. आकडे जुळले नाहीत की भलत्याच नोट वाजतात, नाहीतर काहीच वाजत नाही.

स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) ठोक्याचे तीन बाइट सिरियल.राइटने पाठवा: १५३ (दहाव्या चॅनेलवर नोट ऑन), नोटचा क्रमांक, मग १ ते १२७ मधला जोर. तपासणीसाठी लिहिलेली सिरियल.प्रिंटची ओळ राहिली तर तिची अक्षरे मिडीत मिसळतात; ती काढाच. सिरियल मॉनिटर (आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधली आलेले बाइट दाखवणारी खिडकी) उघडा असेल तर ब्रिजला पोर्ट मिळत नाही. पोर्ट उघडताच उनो रीसेट होतो, म्हणून पहिले दोन सेकंद वाजवू नका.

वेग वाढवूनही उशीर जात नसेल तर बोर्डावरची यूएसबी चिप पाहा. एफटीडीआय चिप अर्धे भरलेले पॅकेट १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवते. आपले तीन बाइट त्यातच अडकतात आणि बॉड रेट कितीही वाढवला तरी सुटत नाहीत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन लेटन्सी टायमर १ करा. उनोवर ही चिप नसते, जुन्या नॅनोवर असते. मग लॅपटॉपचा ऑडिओ बफर (आवाज वाजण्याआधी साठणारे सॅम्पल): ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ६. बहुतेकांचा खरा उशीर इथेच असतो.

सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर जमिनीची थरथर पिएझो पकडतो आणि पॅड आपोआप वाजतो. पॅडखाली जाड फोम घाला, एका ठोक्यानंतर ३० मिलिसेकंद ती पिन वाचू नका, आणि थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचाच संकेत ठोका मानायचा ती पातळी) माग चालू असतानाच ठरवा.