सिएटलजवळ सॅमन पाहायला जाताय? या चुका टाळा

बाबा रोह्याहून आले होते, तेव्हा ऑक्टोबरअखेरीस मी त्यांना बॅलार्ड लॉक्सवर, म्हणजे समुद्र आणि तळं यांमधल्या बोटींच्या जलदारांवर, मासे बघायच्या खिडकीशी घेऊन गेले. काचेपलीकडे जवळजवळ नुसतं हिरवट पाणी! जागा बरोबर, महिना चुकला होता. समुद्रातून आलेले मासे इथल्या २१ पायऱ्यांच्या शिडीवरून तळ्याकडे चढतात, पण सॉकाय जातीचे सॅमन जून-जुलैत, चिनूक जातीचे ऑगस्टमध्ये आणि कोहो जातीचे सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबरमध्ये ते वर, अंडी घालायच्या जागी पोचलेले असतात. तेव्हा इसाक्वाच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) किंवा रेंटनला सीडर नदीवर जा. रेंटनचं वाचनालय तर नदीच्या पात्रावरच बांधलेलं आहे.

तिथेही "काहीच दिसत नाही" म्हणून लोक पाच मिनिटांत परततात. पाण्यावरची चकाकी मासे लपवते. पोलराइज्ड गॉगल लावा, सूर्य पाठीशी घ्या, मात्र आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. मग एका जागी गप्प उभे राहा. आधी तळाशी एक लालसर पट्टा हलतो. मग मादी कुशीवर वळते आणि शेपटीचे जोरदार फटके मारून गोटे उडवते. ती खळगा खणत असते. शेजारी बाकदार जबड्याचा नर दुसऱ्या नराला हुसकावतो. हे पाहून बाबा म्हणाले, "अगं, हे तर आपले चढणीचे मासे!" पहिल्या पावसात ओढ्यातून भातखाचरांत चढणारे, गाभोळीने भरलेले मासे त्यांनी लहानपणी पाहिले होते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे फोटोसाठी पाण्यात उतरणं. तळाचा जो भाग आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसतो, त्याच्या गोट्यांखाली अंडी असतात आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत महिने जातात. एका पावलाखाली किती अंडी चिरडतील, ते आपल्याला दिसणारही नाही. मुलांना काठावरच थांबवा, दगड फेकू देऊ नका.

पांढरे डाग पडलेला, पर फाटलेला मासा आजारी समजून खोल पाण्यात ढकलू नका. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतातच. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट, मात्र पुन्हा समुद्रात परतू शकतो. मेलेले मासेही तिथेच राहू द्या. त्यांच्यावर किडे, पक्षी आणि पुढच्या वर्षीची पिल्लं जगतात.

कुत्रा सोबत असेल तर पट्टा सोडू नका. इथल्या कच्च्या सॅमन-ट्राउटमधल्या परजीवीतून कुत्र्यांना जीवघेणा आजार होतो. त्याने मासा चाटला-खाल्ला आणि पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले, तर थांबू नका. लगेच डॉक्टरकडे न्या आणि मासा खाल्ल्याचं आधी सांगा.