परदेशी शिकायला निघताना बँक खाते: इथून करायची आणि तिकडे पोहोचल्यावर करायची कामे

परदेशातील बँक विद्यार्थ्याबद्दल तीन गोष्टींची खात्री करून घेते: तो कोण आहे, त्या देशात कोणत्या परवान्यावर राहतो आहे आणि कुठे राहतो आहे. पहिल्या दोन गोष्टींची कागदपत्रे निघतानाच हातात असतात. तिसरी मात्र तिकडे पोहोचल्याशिवाय मिळत नाही आणि बहुतेकांचे खाते तिथेच अडते. भाड्याची खोली द्यायला घरमालक खाते मागतो आणि खाते उघडायला बँक राहत्या पत्त्याचा पुरावा मागते. या गुंत्यातून वाट काढण्याची तयारी ठाण्यात किंवा वाशीत असतानाच करावी लागते, म्हणून ‘तिकडे गेल्यावर बघू’ हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये.

सुरुवात नावापासून करावी. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बहुतेक वेळा स्वतःचे व वडिलांचे नाव मिळून ‘गिव्हन नेम’ या दुसऱ्या रकान्यात छापलेले असते. समजा, एखाद्या मुलीच्या पासपोर्टवर ‘सायली मनोहर’ हे गिव्हन नेम आणि ‘पाटील’ हे आडनाव आहे, विद्यापीठाच्या अर्जात तिने नुसते ‘सायली पाटील’ भरले आहे आणि नौपाड्यातल्या बँकेत तिचे लहानपणीचे खाते ‘पाटील सायली एम.’ या नावाने आहे. इथल्या शाखेत वर्षानुवर्षे कोणी त्याला हरकत घेत नाही. परंतु परदेशातील बँक पासपोर्ट आणि विद्यापीठाचे पत्र एकमेकांशी ताडून पाहते, तेव्हा हा फरक अर्ज परत येण्यास पुरेसा ठरतो. प्रवेशपत्र, कर्जमंजुरीचे पत्र, विमानाचे तिकीट आणि इथले बँक खाते या सर्वांवर पासपोर्टप्रमाणेच नाव असावे. विद्यापीठाला ईमेल करून नाव दुरुस्त करून घेणे सोपे आहे, पण ते निघण्याच्या दोन महिने आधी.

आता पैसे पाठवण्याविषयी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि विद्यार्थ्याच्या खर्चासाठी ही मर्यादा सहसा पुरते. बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो, पॅन द्यावा लागतो आणि रक्कम कशासाठी जात आहे याचा कोड लिहावा लागतो. परदेशी शिक्षणाची फी व राहण्याचा खर्च यांसाठी तो एस०३०५ आहे. परकीय चलनाचे काम प्रत्येक शाखेत होत नाही. घराजवळच्या शाखेत कागद स्वीकारले जातात आणि ते पुढे दुसऱ्या शाखेकडे जातात, त्यात दिवस मोडतात. म्हणून हे काम कोणत्या शाखेत होते हे आधी विचारून थेट तिथेच जावे.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराबद्दल, पालकांमध्ये विनाकारण घबराट असते. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तर मुळीच लागत नाही. त्यापुढील रकमेवरचा दर अर्थसंकल्पानुसार बदलतो, तो पैसे पाठवण्याच्या दिवशी शाखेतच विचारावा. हा जादा खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर टीसीएस कापला गेला त्याला तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. यासाठीच रक्कम शक्यतो नियमित विवरणपत्र भरणाऱ्या पालकाच्या खात्यातून पाठवावी, मुलाच्या नव्या पॅनवरून नव्हे.

फॉर्ममध्ये शुल्क कोणी भरायचे याचा एक रकाना असतो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ‘शेअर्ड’ लिहिले तर वाटेतील मध्यस्थ बँक आपले शुल्क मूळ रकमेतून कापते आणि पलीकडे काही युरो किंवा डॉलर कमी पोहोचतात. जिथे ठरावीक रक्कम पूर्ण जमा होणे ही अटच असते, तिथे ‘अवर’ (सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे) हा पर्याय निवडावा आणि स्विफ्ट संदेशाची, म्हणजे बँकांनी एकमेकींना पाठवलेल्या व्यवहाराच्या संदेशाची, प्रत मागून घ्यावी. रक्कम अडकली तर ती कुठे आहे हे त्या प्रतीशिवाय शोधता येत नाही.

जर्मनीला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे एक नव्हे तर दोन खाती लागतात आणि पालकांचा गोंधळ नेमका इथे होतो. पहिले ‘ब्लॉक्ड अकाउंट’. हे व्हिसासाठी, भारतात असतानाच ऑनलाइन उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. मात्र ते हातात मिळत नाहीत, विद्यार्थ्याच्या दुसऱ्या, रोजच्या व्यवहाराच्या खात्यात जमा होतात. ते दुसरे खाते, ज्याला तिथे झिरोकोंटो म्हणतात, उघडेपर्यंत स्वतःचे पैसे असूनही वापरता येत नाहीत. शिवाय घराची अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते, त्यामुळे पहिल्या महिन्याचे ९९२ युरो पुरणार नाहीत हे गृहीत धरूनच वेगळी तरतूद करावी. सल्लागार संस्था ब्लॉक्ड अकाउंट, आरोग्यविमा आणि झिरोकोंटो असा एकत्रित संच सुचवतात. त्यात गैर काही नाही, पण विम्याच्या अटी न वाचता केवळ सोयीखातर सही करणे मला पटत नाही.

झिरोकोंटोसाठी अनेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात ही नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले प्रमाणपत्र लागते. खोली ठरवतानाच ‘नोंदणीसाठी प्रमाणपत्र द्याल का?’ असे लेखी विचारावे. जो नाही म्हणतो त्याची खोली स्वस्त असली तरी सोडून द्यावी. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायला उशीर लागतो, ती ठाण्यातूनच ऑनलाइन घेता आली तर उत्तम.

यानंतरची एक बारीक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. आपल्याकडे ‘बी विंग, ३०४, सेक्टर १७’ एवढे लिहिले की टपाल घरी येते. जर्मनीतील इमारतींच्या पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतो. टपालवाला पत्रपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो आणि नाव दिसले नाही तर पत्र परत पाठवतो. बँकेचे कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, काही दिवसांच्या अंतराने येतो. दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आपले आडनाव लिहून पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीच्या बटणाजवळ चिकटवावे. एखाद्या बँकेने नकार दिलाच तर हताश होऊ नये: युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क आहे आणि जर्मनीत त्याला ‘बाझिसकोंटो’ म्हणतात. या नावाने लेखी अर्ज करावा.

ब्रिटनमध्ये सगळी भिस्त विद्यापीठाच्या पत्रावर असते. विद्यार्थी कार्यालय बँकेला उद्देशून ओळखपत्र देते. त्यात नाव, अभ्यासक्रम, तिथला पत्ता आणि भारतातला पत्ता असतो. पत्र तात्पुरत्या मुक्कामाच्या पत्त्याचे निघाले आणि पुढे वसतिगृह बदलले, तर नवे पत्र मागावे लागते. म्हणून पक्का पत्ता मिळेपर्यंत पत्र काढूच नये. प्लॅस्टिकच्या परवानापत्राऐवजी आता ई-व्हिसा असल्याने बँकेला तो दाखवण्यासाठी ‘शेअर कोड’ काढता येणे आवश्यक आहे, तेव्हा ई-व्हिसाचे ऑनलाइन खाते घरूनच चालू करून पाहावे. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये शाखांत गर्दी उसळते. ज्यांना वेळ मिळत नाही त्यांनी केवळ ॲपवर चालणारी बँक आधी घ्यावी, मात्र तिच्यातील ठेवीला तिथल्या ठेवविमा योजनेचे संरक्षण आहे ना हे तपासावे. १ डिसेंबर २०२५ पासून ते प्रत्येक बँकेत १,२०,००० पौंडांपर्यंत आहे.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून खाते मिळणार नाही, ही समजूत चुकीची आहे. तो क्रमांक विद्यार्थ्याला नोकरी लागल्यावरच मिळतो. त्याआधी पासपोर्ट, व्हिसा, आय-२० (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र), आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि पत्ता यांवर बऱ्याच बँका शाखेत खाते उघडून देतात. ‘चेकिंग’ म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्यावर मासिक शुल्क असते, ते विद्यार्थ्यांना माफ करणारा प्रकार नाव घेऊन मागावा. कॅनडासाठी अनेकजण जीआयसी, म्हणजे तिथल्या बँकेत आधीच भरलेली ठेव, घेतात. क्वेबेक वगळता १ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या राहणीमानाच्या खर्चासाठी एका विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात आणि जीआयसीतील रक्कम पोहोचल्यावर ओळख पटवून हप्त्याहप्त्याने मिळते. तिथे नोकरी किंवा सुरुवातीची रक्कम नसली तरी बँकेने खाते उघडून द्यावे, असा नियम आहे.

पहिल्या सहा–आठ आठवड्यांची तरतूद या सगळ्यापासून वेगळी ठेवावी. त्या देशाच्या चलनात भरलेले फॉरेक्स कार्ड, दुसऱ्या बँकेचे एक आंतरराष्ट्रीय डेबिट कार्ड आणि थोडी रोख रक्कम एवढे पुरे, फक्त तिन्ही एकाच पाकिटात ठेवू नयेत. भारतातला मोबाइल क्रमांक चालू राहणे हा यातला सर्वात दुर्लक्षित भाग आहे. इथल्या बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रोमिंग सुरू नसेल किंवा रिचार्ज संपून सिम बंद पडले, तर खात्यात पैसे असूनही ते हलवता येत नाहीत. डेबिट कार्डाचा परदेशातील वापरही ॲपमधून आधी सुरू करून घ्यावा लागतो.

इथल्या बचत खात्याचेही एक काम उरते. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा या परकीय चलनविषयक कायद्याखाली अनिवासी मानला जातो, म्हणून त्याने बँकेला कळवून आपले बचत खाते एनआरओ (अनिवासी व्यक्तीचे भारतातले रुपयांतील खाते) करून घ्यायचे असते. बरेचजण ते करत नाहीत आणि वर्षानुवर्षे तसेच चालते. पण पुढे केवायसी नव्याने करायची वेळ आली की हाच मुद्दा उपस्थित होतो. एनआरओ खात्याच्या व्याजावर ३० टक्क्यांहून अधिक टीडीएस कापला जातो, तेव्हा तिथे मोठी ठेव न ठेवणे बरे. कर्जाचे हप्ते किंवा इथली देणी आई-वडिलांना त्या खात्यातून भरता यावीत म्हणून मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून द्यावे. नंतर तेच वकिलातीमार्फत साक्षांकित करून मागवण्याचा व्याप होतो.

खाते उघडल्यावर एक धोका थेट विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतो. ‘तुझ्या खात्यावर थोडे पैसे घे, पुढे पाठव, तुला कमिशन मिळेल’ अशी विनंती ओळखीच्या ग्रुपवरूनच येते. ते पैसे बहुधा फसवणुकीचे असतात. ब्रिटनमध्ये अशा खातेदाराची नोंद सहा वर्षांपर्यंत राहू शकते आणि त्या काळात दुसरे खाते मिळणे कठीण होते. आपल्या माणसाने मागितले तरी स्पष्ट नकार द्यावा.

शिक्षण संपवून परतताना खाते घाईने बंद करू नये. घराची अनामत, शेवटचा पगार, विम्याचा परतावा या रकमा निघाल्यानंतर कित्येक आठवड्यांनी येतात आणि त्या त्याच खात्यात येतात. अनिवासी असताना उघडलेले खाते परतल्यावर ठेवण्यास फेमाची हरकत नाही. मात्र आयकराच्या दृष्टीने पूर्ण निवासी ठरल्यावर ते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, शिल्लक चार युरो असली तरी, दाखवावे लागते.