व्हेरिकोज व्हेन्सचे स्टॉकिंग्ज धुवायचे कसे

पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी (व्हेरिकोज व्हेन्स) डॉक्टर लिहून देतात, पाय आवळून धरणारे स्टॉकिंग्ज, क्लास 2 म्हणजे मध्यम दाबाचे घ्या, दुकानदार माप घेऊन देतो, पण धुवायचं कसं हे कोणीच नीट सांगत नाही. तर रोज धुवायचे. घाम, मेलेली कातडी, पायाला लावलेलं तेल हे सगळं धाग्यात बसतं आणि इलॅस्टिक सैल पडत जातं, म्हणून शक्यतो दोन जोड ठेवा, एक पायात एक दोरीवर.

बादलीत कोमट पाणी, 30 डिग्रीच्या आसपास, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच, त्यात थोडं लिक्विड डिटर्जंट, उलटे करून हलक्या हाताने चोळा. ब्लीच नको, आणि ते वासाचं फॅब्रिक कंडिशनर तर अजिबातच नको, त्याने पकड जाते. मशीनमध्ये टाकायचेच असतील तर जाळीच्या पिशवीत, डेलिकेट मोडवर.

पिळायचे मात्र नाहीत हां! टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करून दाबा, बरंचसं पाणी निघतं. मग सावलीत आडवे वाळत घाला, कडक उन्हात नाही, इस्त्री तर नाहीच.

मांडीपर्यंतचे असतील तर वरच्या सिलिकॉन पट्टीला तेल लागलं की ती घसरते, म्हणून तेलमालिश रात्रीच उरका. चढवताना जोडवी, पैंजण काढा, नखं कापलेली हवीत, एक धागा अडकला की संपलं. भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घालून चढवले तर फार सोपं जातं.

रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत बदलावे लागतात, सहज चढायला लागले म्हणजे दाब गेला समजा.