आल्पुहारात ग्रॅव्हल सायकल: लांहारोन ते ग्वादिक्स, तीन दिवसांत

दक्षिण स्पेनमध्ये सिएरा नेवादा या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर आल्पुहारा हा मुलूख आहे. ग्रॅव्हल सायकल म्हणजे डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी रुंद टायरांची सायकल. लांहारोनहून निघून, डोंगराच्या कुशीतली गावं पकडत, रागुआची खिंड ओलांडून उत्तरेला ग्वादिक्सला उतरायचं, तर अंतर साधारण 170 किलोमीटर भरतं. सपाटीची सवय असलेला सायकलवाला हे दोन दिवसांत उरकायचा बेत करतो आणि फसतो. इथे चढ मोजायचा आणि दुकानांच्या वेळा पाहायच्या, किलोमीटर त्यानंतर.

सामान लादलेल्या सायकलीसाठी एक ठोकताळा बरा चालतो. किलोमीटरांना 15 ने भागा, चढाईच्या एकूण मीटरांना 500 ने भागा आणि दोन्हींची बेरीज करा. आलेला आकडा म्हणजे प्रत्यक्ष पॅडल मारायचे तास. 45 किमी आणि 1,500 मीटर चढ म्हणजे सहा तास. खाणं, पाणी भरणं, पंक्चर आणि रस्ता चुकणं यांचे दोन तास वर धरा.

कधी जायचं

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य, किंवा मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये ओर्हिवासारख्या खालच्या गावात दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो. वर मात्र हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे 450 मीटरवर 34 अंश असतील तेव्हा 2,700 मीटरवर जेमतेम 20, आणि त्यात वारा. घामाने भिजलेल्या अंगाने उताराला लागलात की हुडहुडी भरते, म्हणून वारा अडवणारं पातळ जॅकेट उन्हाळ्यातही हाताशी ठेवा. बॅगेच्या तळाशी पुरलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

तीन दिवसांची वाट

मालागा विमानतळावरून ग्रानादा सुमारे 130 किमी, तिथून लांहारोनला बस जाते. सायकल बसच्या पोटात कशी घेतात, पिशवी किंवा खोकं लागतं का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

पहिला दिवस सगळ्यात अवघड, आणि तो मुद्दाम ताज्या पायांवर ठेवलेला बरा. लांहारोन 660 मीटरवर. डांबरी रस्त्याने कान्यार गाठायचं आणि तिथून वनखात्याच्या कच्च्या रस्त्याने पुएंते पालोपर्यंत चढायचं. पाइनच्या सावलीतली ही सहलीची जागा 1,700 मीटरच्या वर आहे. पुढे पूर्वेला ओ सेल लिंग हे तिबेटी बौद्ध साधनाकेंद्र लागतं. 1982 मध्ये दलाई लामा इथे येऊन गेले होते. केंद्राला भेटीच्या ठरावीक वेळा आहेत, त्यामुळे फाटकाशी शांतपणे पुढे जाणं बरं. तिथून कच्चा उतार पाद्रे एतेर्नोच्या छोट्या देवळापाशी डांबरी रस्त्याला मिळतो. मग पांपानेइरा, बुबिओन आणि शेवटी 1,436 मीटरवरचं कापिलेइरा. पांपानेइरापासूनचा शेवटचा चढ नकाशावर किरकोळ वाटतो, पण तो साडेतीनशे मीटरांहून जास्त आहे आणि दिवसभराच्या दमणुकीवर येतो.

गावं पाहून मराठवाड्यातली धाब्याची घरं आठवतील: लाकडी तुळया, वर दगडी फरशा आणि त्यावर पाणी न झिरपू देणारी करडी माती.

दुसरा दिवस कापिलेइरा ते लारोलेस, सत्तर किलोमीटरच्या आसपास. पित्रेस, पोर्तुगोस, बुस्किस्तारवरून त्रेवेलेस, मग हुविलेस, बेर्चुलेस, मेसिना बोंबारोन, वालोर. डांबरी रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी दरीत आत शिरून वळसा घेतो. त्याच्या वरच्या अंगाला 1,600 ते 2,000 मीटरवर जंगलातले कच्चे रस्ते आहेत. सिएरा नेवादाला फेरी घालणारा ट्रान्सनेवादा हा खुणा केलेला सायकलमार्ग त्यांचाच वापर करतो. अख्खा दिवस वर काढू नका, कारण वर ना दुकान ना खोली. सकाळी वरचा कच्चा टप्पा करून जेवणाच्या वेळेला गावात उतरणं हे गणित जमतं. बेर्चुलेसमध्ये मुक्काम करायचा तर ऑगस्टचा पहिला शनिवार टाळा. 1994 च्या नववर्षरात्री तिथली वीज गेली, म्हणून गावाने तो सोहळा ऑगस्टमध्ये केला आणि नंतर तीच प्रथा पडली. त्या दिवशी खोली मिळणं कठीण.

तिसऱ्या दिवशी लारोलेसहून रागुआची खिंड. जवळजवळ 1,000 मीटरचा एकसलग चढ, माथा 2,000 मीटरवर, रस्ता डांबरी. पलीकडे ला कालाओर्रापर्यंत झपाट्याने उतार. डावीउजवीकडे घुमट मिरवणारा तिथला किल्ला 1509 ते 1512 मधला. पुढे ग्वादिक्सपर्यंत पठार आहे. इथे चढ नाही, पण समोरून वारा असला तर शेवटचे वीस किलोमीटर तासाभरात होत नाहीत. ग्वादिक्सहून ग्रानादाला रेल्वे आहे. गाडीत सायकलींच्या जागा मोजक्या असतात, आधी आरक्षण करा.

पाय आणि ऋतू साथ देत असतील तर जास्तीचा एक दिवस कापिलेइराहून वेलेताकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला द्या. 2,150 मीटरवर ओया देल पोर्तियोला अडसर आहे, तिथून पुढे खासगी गाड्यांना बंदी. आल्तो देल चोरियो 2,700 मीटरवर. तिथपर्यंत जाऊन परतणं हा उत्तम अर्धा दिवस होतो. त्यापुढे मुलासेन शिखराच्या (3,479 मीटर) पायथ्यावरून वेलेताच्या खांद्यापर्यंत 3,200 मीटरच्या वर दगडगोट्यांचा पट्टा आहे, आणि काही ठिकाणी सायकल ढकलावी लागते. सावलीतल्या वळणांवर बर्फ जुलैपर्यंत टिकतो. जुलैच्या मध्याआधी आरपार जायचा नाद करू नका, आणि दुपारी ढग दाटायला लागले की मागे फिरा.

सायकल

इथला खडक अभ्रक चमकणारा शिस्ट. तो पाटीसारखा फुटतो आणि तुकड्यांच्या कडा धारदार राहतात. टायरला खालून भोक पडण्यापेक्षा बाजूची भिंत चिरली जाण्याचा धोका मोठा, आणि भिंतीवरची चीर सीलंटने, म्हणजे टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने, भरत नाही. म्हणून 45 मिमीचे, मजबूत भिंतीचे ट्यूबलेस टायर लावा. 70 ते 75 किलोच्या माणसाला थोड्या सामानासह पुढे 28-30 आणि मागे 32-34 पीएसआय हवा पुरते. चाळिशीपर्यंत हवा ठासली तर टायर दगडावरून उडतो आणि चढावर मागचं चाक जागेवरच फिरतं.

चीर पडलीच तर आतून ठिगळ लावायचं. जुन्या टायरचा 4 बाय 6 सेंटिमीटरचा तुकडा, कडा कातरून पातळ केलेला, त्यासाठी सोबत ठेवा. टायरच्या आतला सीलंट आधी पुसा, नाहीतर ठिगळ सरकतं. मग आत ट्यूब घालून नेहमीपेक्षा थोडी कमी हवा भरा. ट्यूब दोन घ्या. सीलंट कोरड्या उन्हात लवकर सुकतो, तेव्हा निघण्याआधी प्रत्येक टायरमध्ये ताजा 60 मिली घाला.

गिअरबाबत कंजुषी नको. पुढच्या चक्राला 40 दात आणि मागच्या चक्राला 40 म्हणजे 1:1. मिनिटाला पॅडलच्या 60 फेऱ्यांनी ताशी जवळजवळ 8 किमी वेग. दहा टक्के चढावर सामानासह हा वेग तासभर टिकवणं भल्याभल्यांना जमत नाही. पुढे 38 आणि मागे 46 केलंत की त्याच फेऱ्यांत साडेसहा किमीने चालता येतं आणि गुडघे वाचतात.

लांब उतारावर ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की पॅड तापून त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा होतो, ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. वळणाआधी जोरात दाबा, वेग उतरवा, सोडून द्या. चकचकीत झालेले पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले तर बहुधा वाचतात. पॅडचा एक जादा जोड बरोबर हवाच. तुमच्या ब्रेकचे पॅड गावात मिळतील या भरवशावर राहू नका. चेनला ओलं तेल नको, धूळ बसून त्याची लापशी होते. मेणाचं वंगण वापरा.

पाणी आणि पोट

तीन लिटर पाणी मावेल अशी सोय ठेवा. जवळपास प्रत्येक गावात वाहता नळ असतो. ‘आग्वा नो पोताब्ले’ अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नका. उतारावरून जागोजाग पाट वाहताना दिसतील, ते मध्ययुगातल्या मुस्लिम राजवटीपासूनचे आहेत. पाणी काचेसारखं नितळ असतं, पण वर गुरं चरतात. डोकं भिजवा, तोंडाला लावू नका. पोर्तुगोसच्या लालभडक झऱ्याचं पाणी लोहयुक्त आणि फसफसतं. घोटभर चाखा, बाटली भरून नेण्यासारखी चव नाही.

दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, ती साडेपाचपर्यंत उघडत नाहीत, आणि रविवारी बहुतेक बंदच. दुपारचं जेवण दीड ते चार, रात्रीचं साडेआठच्या आधी क्वचित. म्हणून दिवसभराचा खाऊ सकाळीच घ्या: बदाम, केळी आणि दाबून वडी केलेलं अंजीर. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत.

शाकाहाऱ्यांनी जास्त सावध राहावं. त्रेवेलेस हे वाळवलेल्या डुकराच्या मांसाचं, हामोनचं, गाव. तिथे सूपवर, वालाच्या भाजीवर, सॅलडवरसुद्धा त्याचे तुकडे पेरून येतात. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘सिन हामोन’ असं नाव घेऊन सांगा. टोमॅटो चोळलेला पाव, बदाम-लसणाचं गार सूप आहोब्लांको, आणि तेलात मुरलेले बटाटे-मिरचीचे ‘पापास आ लो पोब्रे’ यांवर दिवस निघतात.

कुठे अडतं

मार्ग आखणारी ॲप्स जाळरेषेला रस्ता समजतात. वणवा रोखायला झाडं तोडून काढलेला तो पट्टा डोंगर सरळ चढतो आणि त्यावर सायकल वाहून न्यावी लागते. आखलेली रेघ वळणं न घेता समोच्च रेषा काटकोनात कापत असेल तर संशय घ्या आणि स्पेनच्या सरकारी 1:25,000 नकाशाशी ताडून पाहा. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण घळींमध्ये सिग्नल जातो. कोरड्या नदीपात्रातून जाणारी वाट पावसाच्या अंदाजात सोडून द्या.

शेळ्यामेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे राखणदार कुत्रे असतात. वेगाने निसटू पाहिलंत तर ते पाठलाग करतात. उतरा, सायकल मधे धरा आणि कळपाला लांबून वळसा घालून चालत जा. रस्त्याकडेला मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या तर न थांबता पुढे जा. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी शिकारीची पाटी लावलेली असेल तर त्या रस्त्याला लागूच नका. गुरांची फाटकं उघडून गेलात तर मागे लावून घ्या. रहदारी उजवीकडून चालते आणि गावाबाहेर हेल्मेट कायद्याने लागतं. अपघातात 112 लावा. शेवटचं गाव कोणतं आणि तिथून किती किलोमीटर पुढे आलात हे सांगता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक गाव सोडताना मीटरवरचा आकडा पाहून ठेवा.