कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्याकडे काम शिकायला येणारी जवळपास सगळी मुलं पहिल्या दिवशी एकच इच्छा बोलून दाखवतात: गेमिंग पीसी बनवायला शिकायचंय. काचेच्या बाजूचं कॅबिनेट, रंगीत पंखे, मोठं ग्राफिक्स कार्ड. मी नाही म्हणत नाही. पहिल्याच आठवड्यात एक जुनं मशीन पूर्ण खोलून परत जोडायला देतो. संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षात येतं की जोडणी फार अवघड नाही. रॅम उलटी बसतच नाही, बहुतेक कनेक्टर आपापल्या जागीच बसतात. वर्षं जातात ती चालणारं मशीन अचानक का थांबलं हे ओळखायला शिकण्यात, आणि आमचं पोट त्याच्यावरच आहे.

मी चिपळूणचा. बारावीनंतर मामाकडे राहून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दीड वर्ष काम केलं. त्या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पार्ट शोधत येणाऱ्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच असतं. दुकानात एक वयस्कर काका होते. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीतून या कामात आलेले. मशीन टेबलावर आलं की मी लगेच स्क्रू काढायला लागायचो. ते हात धरून थांबवायचे आणि गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायला लावायचे: कधीपासून होतंय, त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, आणि मशीन घरात कुठे ठेवलंय. मिळालेली उत्तरं जॉबकार्डावर लिहायची, आणि ती गिऱ्हाइकाच्याच शब्दांत.

शब्द गिऱ्हाइकाचेच का, ते नंतर कळलं. लोक लक्षण सांगतात, आणि आपण घाईत त्याचा लगेच रोग करून टाकतो. ‘हँग होतंय’ म्हणजे एखाद्याचं माउस हलत नाही, दुसऱ्याचं ब्राउझर उघडायला दोन मिनिटं लागतात, तिसऱ्याचा गेम मध्येच बंद पडतो. तिन्हींची कारणं वेगळी. पहिल्यात मी हार्ड डिस्क किंवा एसएसडीची (चिपवर डेटा ठेवणाऱ्या वेगवान डिस्कची) तब्येत बघतो, दुसऱ्यात रॅम किती आहे आणि मशीनबरोबर किती गोष्टी आपोआप सुरू होतात ते, तिसऱ्यात तापमान आणि पॉवर.

गेमिंगच्या तक्रारी या बाबतीत फार शिकवतात. मागच्या दिवाळीत कॉलेजचा एक मुलगा आला. पार्टटाइम काम करून पैसे साठवले होते, कार्ड नवं घेतलं होतं, आणि गेम जुन्या मशीनपेक्षाही वाईट चालत होता. रडवेला झाला होता. मी आधी मागची बाजू बघितली. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टात होती, म्हणजे चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तयार होत होतं आणि कार्ड नुसतं बसून होतं. केबल खाली कार्डात लावली. मग डिस्प्ले सेटिंग उघडलं, तर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर ६० वर चालत होता, कारण विंडोजमध्ये ते आकडे कुणाला तरी निवडावे लागतात. आणखी एक गोष्ट सापडली. ३६०० च्या वेगाची म्हणून विकत घेतलेली रॅम २१३३ वर धावत होती, कारण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलंच नव्हतं. एकही पार्ट न बदलता मशीन सुधारलं. अशा वेळी मुलाला ‘एवढंही कळत नाही का’ असं म्हणू नका. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार तुम्हाला सगळ्यात जास्त भेटेल. माझा क्रम ठरलेला आहे. मॉनिटर आणि त्याची केबल दुसऱ्या मशीनवर लावून बघायची. मग आपलं मशीन बंद करून प्लग काढायचा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं, आणि एकच रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायची. पट्टीचे सोनेरी संपर्क मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं. शाईचा खरखरीत खोडरबर वापरू नका, तो सोन्याचा मुलामाच खरवडतो. कोकणात पावसाळ्यानंतर अशी कितीतरी मशीन्स याच एका कामाने सुरू होतात. हवेत ओल आणि खार असते, तांब्यावर हिरवट थर चढतो. जून ते सप्टेंबरच्या काळात महिनाभर बंद ठेवलेलं मशीन रोज अर्धा तास चालू ठेवलेल्या मशीनपेक्षा लवकर बिघडतं, हे मी इथल्या सगळ्यांना सांगत असतो.

पॉवरचा भाग नीट शिका, कारण तो जिवावरचा आहे. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा, कधीही उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत गेल्यावर त्याचे सवातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहतात. बाहेरून तपासायला मल्टिमीटर पुरतो: १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६ यांच्या मधला आकडा यायला हवा. नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही. भार आल्यावर व्होल्टेज पडणारे युनिट मी खूप पाहिलेत, आणि त्यांची तक्रार नेमकी ‘गेम सुरू केला की रीस्टार्ट होतं’ अशी येते.

त्याच मीटरने गिऱ्हाइकाच्या घरचं अर्थिंगही मोजा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला लागलं तर वायरमनला बोलवायला सांगा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं म्हणणाऱ्या घरांत मला बहुतेक वेळा अर्थची वायर जोडलेलीच नसल्याचं दिसलंय. यूपीएसबद्दलही गैरसमज आहेत. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. कार्ड असलेलं मशीन गेम चालू असताना त्याच्या वर जातं, मग लाइट गेल्याक्षणी दोन्ही बंद. यूपीएस खराब नसतो, तो अपुरा असतो.

आता स्वच्छता. लोकांची इथे दोन टोकाची मतं आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. काहीजण पाच वर्षं झाकण उघडत नाहीत. काहीजण दर तीन महिन्यांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलतात. पेस्ट चांगली असेल आणि तापमान पूर्वीसारखंच असेल तर तिला हात लावायचं कारण नाही, उलट कूलर सारखा काढला की पिना आणि क्लिपा तुटतात. ब्लोअर मात्र दर चार-सहा महिन्यांनी मारावा, रस्त्याकाठच्या घरात त्याहून लवकर. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भन्नाट फिरवला तर बेअरिंग जातं. तापमान किती असावं हे विचारणाऱ्याला एकच आकडा सांगू नका. २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत, पण जुन्या ऑफिसच्या मशीनवर तोच आकडा दिसला तर कूलर सैल आहे किंवा पंखा थांबलाय. त्या मशीनचं महिन्यापूर्वीचं तापमान काय होतं, ते बघा. म्हणून मी प्रत्येक जॉबकार्डावर तो आकडा लिहून ठेवतो.

‘पीसी फास्ट करणारी’ फुकट सॉफ्टवेअरं मी कुणाच्याही मशीनवर टाकत नाही, आणि तुम्हीही टाकू नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या मशीनला खरा वेग एसएसडीने येतो. दुसरं म्हणजे, बजेट कमी असेल तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला १६ जीबीची एक पट्टी देण्याऐवजी ८ च्या दोन द्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्यांनी त्याला दुहेरी वाट मिळते. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

स्क्रीनवरच्या संदेशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण जगभर गाजलं. काही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडत होते. वाचणाऱ्याला वाटणार, कार्ड गेलं. दोष प्रोसेसरमध्ये होता, जास्त व्होल्टेजमुळे तो हळूहळू खराब होत होता. कंपनीने ते मान्य केलं, बायोसमधून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या काळात फक्त संदेश वाचून कार्ड बदललं असतं तर गिऱ्हाइकाचे पैसे वाया गेले असते आणि बिघाड तसाच राहिला असता.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वतःचं दुकान टाकल्यावर पहिल्याच वर्षी एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. ‘विंडोज मारून द्या’ म्हणाल्या. डेटा ठेवायचाय का, मी विचारलं. सी ड्राइव्हमधलं काही नको, म्हणाल्या. मी फॉरमॅट मारला. त्यांच्या वारलेल्या वडिलांचे फोटो डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये होते, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते मला माहीत होतं आणि मी विचारलं नाही. एसएसडी होती, तिच्यावरून पुसलेलं सहसा परत मिळत नाही. काही परत आलं नाही. त्या शिक्षिका माझ्या दुकानात खुर्चीवर बसून राहिल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: फॉरमॅटच्या आधी पूर्ण ड्राइव्हची प्रत माझ्या डिस्कवर जाते, गिऱ्हाइक नको म्हणालं तरी. पंधरा दिवसांनी, त्यांना फोन करून, ती पुसतो. मधल्या काळात त्यातली एकही फाइल उघडायची नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. ओसरल्यावर आठवडाभर लोक चिखलाने भरलेली कॅबिनेटं घेऊन येत होते. मशीन नवं घेता येईल, म्हणायचे, पण त्यात हिशोब आहेत, लग्नाचे फोटो आहेत. ज्यांनी उन्हात वाळवून घरीच स्विच लावला त्यांचे बोर्ड जळले. ज्यांनी लावला नाही त्यांचे काही बोर्ड आम्ही स्वच्छ पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन, कित्येक दिवस वाळवून परत चालवले. चिखल शिरलेल्या हार्ड डिस्क मी स्वतः उघडल्या नाहीत, डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवल्या. आपल्या हातात काय नाही, हे ओळखणं त्या आठवड्यात फार कामी आलं.

शिक्षणाचं विचाराल तर आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यात कॉम्प्युटरची ओळख पक्की होते, पण बोर्डावरचा हात दुकानातच बसतो. कॉम्प्टिया ए प्लस या प्रमाणपत्राच्या दोन परीक्षा मोठ्या कंपन्यांच्या सपोर्ट विभागात जायचं असेल तर उपयोगी पडतात. हत्यारं थोडीच घ्या पण चांगली घ्या: चुंबकाचं स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, ब्लोअर, एक चालू हालतीतला एसएमपीएस आणि एक रॅमची पट्टी तपासणीपुरती. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) आणि एखादं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) ठेवा.

लिनक्स आता आणखी लागेल. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं, इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचं धडधाकट मशीन घेऊन कुणी आलं तर लगेच नवं विकायला धावू नका. आधी विचारा, त्यावर काय करता.

दर किती लावायचा, हे नवीन मुलं अवघडून विचारतात. गेल्या महिन्यात बाजारपेठेतल्या एका टायपिंगवाल्या ताई मशीन घेऊन आल्या. ‘नेट बंद पडलंय, बँकेची साइट उघडत नाही.’ नेटवाल्याने राउटर बदलून दिला होता, एका मुलाने विंडोज परत टाकलं होतं. मी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, काही वर्षं मागची होती. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइटला मान्यताच देत नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढला, तीनऐवजी जेमतेम दोन व्होल्ट. नवा घातला, तारीख लावली, साइट उघडली. दहा मिनिटं लागली. मी त्यांना मीटरवर जुना सेल आणि नवा सेल दोन्ही मोजून दाखवले, सेलचे पैसे वेगळे आणि तपासणीचे दीडशे रुपये वेगळे, असं बिलावर लिहिलं. त्यांनी बिल वाचलं, पैसे दिले आणि विचारलं, ‘दादा, हा सेल किती वर्षांनी बदलायचा?’