गारपिटीचे दिवस आले, दुपारी दोनला मोबाईल पाहूनच पुढचं काम लावा

चना उपटून वावरात पडला आहे, गहू पिवळा पडून राहिला, मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) संत्री तोडायला आली अन् आंबियाची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी) फुलं आता कुठं गळून बारीक फळ धरून राहिलं. नेमकं ह्याच दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल, आपल्याकडे नागपूर जिल्ह्यात गारा पडतात. बंगालच्या उपसागराकडून दमट वारं येतं, वरच्या थरात उत्तरेकडची थंड हवा राहते, अन् दुपारी जमीन तापली की ढग दोन-तीन तासांत उभा चढतो. म्हणून सकाळी कडक ऊन आहे, आज काही होत नाही, असं धरून चालू नका भाऊ.

2014 आठवतं ना? फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र, सगळीकडे गारपीट झाली. आमचा चना तेव्हा ढीग लावून वावरात होता अन् ताडपत्री घरी. आभाळ काळं झाल्यावर घरी जाऊन आणेपर्यंत सगळा ढीग ओला. तेव्हापासून ताडपत्री अन् दोर ढिगाजवळच ठेवतो, तुम्हीही ठेवा. ढीग उंचवट्यावर लावा, खाली काड्या टाका, अन् ताडपत्रीच्या कडा दगडानं दाबा नाहीतर पहिल्याच वाऱ्यात उडते.

आता अंदाजाचं. हवामान खात्याची यलो (सावध राहा), ऑरेंज (तयारीत राहा) अलर्ट असते ती अख्ख्या जिल्ह्याची, अन् आपला जिल्हा नरखेडपासून भिवापूरपर्यंत पसरला आहे. गारांचा पट्टा मात्र लहान, ह्या शिवारात पडल्या तर बाजूच्या गावात धूळही बसत नाही. म्हणून अलर्ट असलेल्या दिवशी दुपारी दोन वाजल्यापासून नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा नाऊकास्ट पाहत राहा, तो पुढच्या तीन तासांचा राहते अन् रडार पाहून काढलेला राहते. आभाळातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप घ्या. पीक सल्ला मेघदूत ॲपवर मंगळवारी अन् शुक्रवारी येतो, आठवड्याची कामं त्यावरून ठरवा. थोड्या तासांत किती होऊ शकते ते 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरकरांनी पाहिलं, चार-एक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला अन् नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात.

अलर्ट आहे अन् गहू ओंबीत भरला आहे तर त्या दिवशी पाणी देऊ नका, ओल्या जमिनीत वारा आला की गहू लोळतो. फवारणी पुढं ढकला, औषध धुऊन जाते. मिरची वाळत घातली असेल, भिवापूर-कुहीकडच्यांनी विशेष, तर दुपारीच गोळा करा, ओली झाली की रंग जाते अन् बुरशी धरते. पिकलेली संत्री झाडावर ठेवून भावाची वाट पाहू नका, अलर्टच्या आधी जितकी तोडता येतील तितकी तोडून घ्या. थोडा भाव कमी मिळेल, पण गार लागलेलं फळ व्यापारी हातात धरत नाही.

गारा पडून गेल्याच तर संत्र्याच्या बागेत दुसऱ्याच दिवशी जा. साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा, पडलेली फळं उचलून खड्ड्यात पुरा, तुटलेल्या फांद्या करवतीनं साफ कापा अन् कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी). मग कॉपर ऑक्सिक्लोराईड दहा लिटर पाण्यात 30 ग्रॅम घेऊन फवारा, कारण सालीला जखम झाली की तिथूनच रोग शिरतो. पण साफसफाईच्या आधी नुकसानीचे फोटो काढून घ्या अन् तलाठी, कृषी सहायकांना लगेच कळवा, बाग झाडून काढल्यावर पंचनाम्याला दाखवणार काय?

अन् गडगडाट सुरू झाला की कामं सोडा. वीज चमकल्यावर सेकंदाला एक असे आकडे मोजा, तीस व्हायच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. मोहाच्या, आंब्याच्या झाडाखाली माणसानं थांबू नये, बैलही तिथं बांधू नका, तारेच्या कुंपणापासून दूर राहा. शेवटचा आवाज झाल्यावर अर्धा तास तरी घरातच थांबा, मग ढीग पाहायला जा.