पावसाळ्यात किनाऱ्यावर जांभळा शंख कसा शोधायचा

जँथिना जँथिना (हे शास्त्रीय नाव) या समुद्री गोगलगायीचा जांभळा शंख आपल्या किनाऱ्यावर बघायचा असेल तर खडकातली डबकी धुंडाळू नका, तिथे तो राहतच नाही. बाकीच्या समुद्री गोगलगायी खडकाला चिकटतात नाहीतर वाळूत शिरतात, ही मात्र आख्खं आयुष्य भर समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लटकून काढते. पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचं एवढंच. म्हणून शंख शोधायच्या आधी वारा बघायचा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस सलग पश्चिमेकडून जोराचा वारा वाहिला की मग निघायचं.

जागा म्हणाल तर पश्चिमेला तोंड असलेली उघडी, लांब पुळण हवी, जुहू, आक्सा, गुहागर, तारकर्ली अशी. खाडीच्या आत जाऊन उपयोग नाही.

वेळेसाठी कोकणातला जुना हिशोब वापरा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. म्हणजे चतुर्थीला पहाटे आणि दुपारी ३ च्या आसपास भरती (गावागावाप्रमाणे थोडं मागेपुढे). आपल्याला पहाटेची भरती हवी, कारण उजाडेपर्यंत पाणी बऱ्यापैकी मागे गेलेलं असतं, रात्री समुद्राने टाकलेला माल ताजा असतो आणि कावळे, कुत्री, मॉर्निंग वॉकवाले अजून त्यावरून फिरलेले नसतात. तृतीया ते षष्ठी, शुद्ध असो की वद्य, हे दिवस मला सगळ्यात चांगले वाटतात.

किनाऱ्यावर पोचलात की भरतीने टाकलेल्या कचऱ्याची ओळ पकडा आणि तिच्या बाजूबाजूने हळू चाला. नजर शंखावर नको, निळ्या रंगावर ठेवा. जँथिना ब्लू बॉटल (निळ्या फुग्यासारखा, खाली लांब धागे असलेला समुद्री जीव) खाते, निळ्या बटणासारखा दिसणारा पॉर्पिटा खाते आणि वर छोटं पारदर्शक शीड असलेला व्हेलेला पण खाते, आणि हे सगळेच वाऱ्यावर वाहणारे, त्यामुळे शिकार आणि शिकारी एकाच लाटेने बाहेर पडतात. जिथे निळे जीव जास्त पडलेत तिथे थांबा, खाली बसा, नीट बघा.

पण हात लावू नका! ब्लू बॉटल मेलेली दिसली तरी तिचे धागे डंख मारतात, २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर कितीतरी लोकांना डसल्या होत्या. बंद बूट घाला, शंख उचलायला लांब चिमटा किंवा जाड ग्लव्हज घ्या, लहान मुलं सोबत असतील तर आधी त्यांना हे दाखवून समजावा. डंख झालाच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागे चिमट्याने काढायचे आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० मिनिटं ठेवायचा, श्वासाला त्रास झाला तर सरळ हॉस्पिटल.

ओळख सोपी आहे. शंख गोलसर, जास्तीत जास्त ४ सेंटीमीटरच्या आसपास, आणि अंड्याच्या टरफलासारखा पातळ. जाड, जड, गुळगुळीत असेल तर तो वाळूत राहणारा दुसरा कुठला तरी. नखाएवढे चपटे चकचकीत रंगीत शंख ढिगाने पडलेले असतात तेही हे नव्हेत. तोंडाकडची बाजू गडद जांभळी आणि टोकाकडची फिकट, हे बघा, कारण त्यातच सगळी गंमत आहे. प्राणी उलटा लटकतो म्हणजे गडद बाजू वर येते, वरून पक्ष्याला ती निळ्या पाण्यात दिसत नाही, आणि फिकट टोक खाली, ते खालून बघणाऱ्या माशाला उजेडात दिसत नाही.

नशीब असेल तर शंखाला फेसासारखा बुडबुड्यांचा गुच्छ चिकटलेला मिळेल. तो तिचा तराफा. पायाचा पुढचा भाग वाटीसारखा करून ती हवा पकडते, भोवती चिकट स्राव गुंडाळते, तो घट्ट होतो, मग पुढचा बुडबुडा. २०११ मध्ये संशोधकांनी दाखवलं की हिचे पूर्वज समुद्रतळाशी राहणारे होते आणि माद्यांच्या अंड्यांच्या गुच्छापासून हा तराफा विकसित झाला. हिची स्वतःची गोष्ट अजून भारी, प्रत्येक जण आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, आणि या जातीत अंडी तराफ्याला न लावता पोटातच वाढतात, बाहेर येतात त्या थेट अळ्या.

जिवंत मिळाली तर पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेवा, तराफा वर राहील असं बघा, जांभळा द्रव सोडला तर घाबरू नका, डिवचल्यावर ती सोडते. परत पाण्यात टाकून वाचेल असं मात्र समजू नका, तराफा तुटला की ती बुडते आणि तळाशी हवा नाही म्हणजे नवा तराफा नाही, आणि तराफा शाबूत असला तरी लाटा तिला परत किनाऱ्यावरच आणतात. वाईट वाटतं, पण तेवढा वेळ तिला शांतपणे बघून घ्यावं.

घरी न्यायचा तर रिकामाच न्या. खिशात ठेवलात तर चुरा होईल, डबीत कापूस घालून ठेवा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, ब्लीच अजिबात नको. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे साईज कळते, दोन्ही बाजू घ्या, आणि आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकताना तारीख, किनारा, वाऱ्याची दिशा आणि सोबत ब्लू बॉटल होत्या का हेही लिहा.